हवेतला हात आणि गळ्यातला हार

सोसायटीचं पद टाळण्यात अख्ख्या नवीन पनवेलमध्ये माझा हात कोणी धरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. खजिनदार वगैरे राहू दे, गणपतीच्या प्रसादाची जबाबदारीसुद्धा आजवर माझ्या अंगावर आलेली नाही. आठवडाभर बेलापूरच्या ऑफिसात राबल्यावर एक रविवार मिळतो. तो टँकरवाल्यांशी भांडण्यात घालवण्याइतकी काही मी समाजसेविका नाही.

तर यंदा वार्षिक सभेच्या तोंडावर माझ्या नवऱ्याने, कुमारने, स्मार्ट चष्मा आणला.

"नीता, फोनचा जमाना संपला," त्याने जाहीर केलं. "आता सगळं डोळ्यांसमोर, हवेत दिसणार." आणि चांगला चालता फोन दुकानात एक्स्चेंजला देऊन मोकळा झाला. ज्या माणसाला फ्रीजमध्ये समोर ठेवलेलं लोणी दिसत नाही, त्याला आता हवेतलं दिसणार होतं!

या चष्म्याला बटण नाही. हात वर करायचा, बोटं फिरवायची, की पडदा सरकतो. पडदा फक्त लावणाऱ्यालाच दिसतो. बाकीच्यांना दिसतो तो माश्या हाकलणारा एक टकला गृहस्थ.

पहिल्याच दिवशी एसटी स्टँडसमोर त्याने बातम्या सरकवायला हात वर केला आणि तीन रिक्षा येऊन थांबल्या. एरवी आपण रस्त्यात आडवं पडलं तरी हे लोक थांबत नाहीत. पहिला कोण आला यावरून तिघांची जुंपली, आणि समोरच्या दुकानात जायचं असताना आम्हाला निमूट रिक्षात बसावं लागलं. पुढे मासळी बाजारात चष्मा सोनाबाईच्या टोपलीतल्या सुरमईची माहिती दाखवायला लागला. अक्षरं मोठी करायला कुमारने हवेत दोन बोटं फाकवली. सोनाबाईने टोपलीतली सगळ्यात मोठी सुरमई उचलून तुकडे पाडायला सुरुवात केली.

"अगं, एवढी नकोय आम्हाला," मी म्हटलं.

"दादांनी हातानं दावलं ना, मोठी पायजे म्हणून. आता कापली, परत नाय होत."

आम्ही शेजाऱ्यांना वाटूनही दोन दिवस सुरमईच खाल्ली. हा चष्मा एक दिवस तुला गोत्यात आणणार, असं मी कुमारला बजावलं. जुन्या विचारांच्या लोकांना भविष्य दिसत नाही, असं उत्तर मिळालं.

मग सभेचा दिवस उजाडला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. आमचे सेक्रेटरी एफ्राइमकाका पेणकर बुधवारी कायमचे इस्राएलला, त्यांच्या लेकीकडे, शिराकडे निघाले होते. त्यांच्या जागी कोणाला तरी नेमल्याशिवाय विमानात बसणार नाही, असा त्यांचा हट्ट होता.

"तर, सेक्रेटरीपदासाठी हात वर करा," काका म्हणाले.

त्या क्षणी सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि सगळ्यांचे फोन बाहेर आले. स्मार्टफोनचा खरा उपयोग हाच. तोंड लपवायला याच्याइतकी सोयीची वस्तू माणसाने दुसरी बनवलेली नाही. कोणी बँकेचे मेसेज वाचत होतं, कोणी बंद पडलेल्या फोनवर बोट फिरवत होतं. मीही मान खाली घालून भाचीच्या लग्नाचे फोटो असे निरखत होते, जणू त्यातून चोर शोधायचा आहे.

तेवढ्यात टाळ्या पडल्या. वर बघते तर अख्ख्या सभेत एकच मान ताठ होती, आणि ती कुमारची. त्याच्याकडे लपायला फोनच नव्हता. तो चष्म्यात मॅच बघत होता. ऐन शेवटच्या ओव्हरला गादीची जाहिरात आडवी आली आणि ती बाजूला सारायला याने हात वर केला. एका हाताने हटेना म्हणून दुसराही केला.

"दोन दोन हात! याला म्हणतात तळमळ," काका म्हणाले. आमच्या शेजारच्या भावेशने काकांच्या निरोपासाठी आणलेला हार धावत जाऊन कुमारच्या गळ्यात घातला.

"अहो, मी गादी हटवत होतो," कुमार म्हणाला. कोणालाच काही ऐकायचं नव्हतं.

खरं तर मला त्याची दया यायला हवी होती. पण मला इतका आनंद झाला की राहवेना. बरी खोड मोडली, आता भोग भविष्य! मी उठून उभी राहिले.

"माझं अनुमोदन आहे," मी म्हटलं. "हात वर केला तो केला. हे पद आमच्या घराने घेतलं असंच समजा. आम्ही मागे हटणार नाही."

पुन्हा टाळ्या झाल्या. इतिवृत्त लिहिणारी मनिषा मात्र पेन थांबवून म्हणाली, "काका, कुमारभाऊजी सभासद कुठे आहेत? फ्लॅट एकट्या नीतावहिनींच्या नावावर आहे."

खरंच होतं. बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क कमी पडतं म्हणून ही युक्ती कुमारनेच काढली होती. मी तेव्हा घरमालकीण म्हणून माहेरी भरपूर मिरवूनही घेतलं होतं.

"मग अडलं कुठे?" काका म्हणाले. "पद घराने घेतलं, असं तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं. घर तिचं. मनिषा, लिही नीताचं नाव."

हार कुमारच्या गळ्यातून माझ्या गळ्यात आला. घालणारा कुमारच, आणि चेहऱ्यावर कधी नव्हे इतकं प्रेम! मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर काका डोळे पुसत होते.

"आता मी सुखाने शिराकडे जातो गं," ते म्हणाले. मला भयंकर संताप आला होता, पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर नाही म्हणवेना. माझा रविवार गेला.

काकांनी सोसायटीचा फोन माझ्या हातात ठेवला. तो हातात पडताक्षणीच वाजला.

"काका, मी चौथ्या मजल्यावरून इरा बोलतेय," पलीकडून माझीच मुलगी बोलत होती. "आई-बाबा सभेला गेलेत आणि आमच्या नळाला पाणी नाहीये."

"इरा, मी बोलतेय."

"आई? तू कशी? बरं, पाण्याचं काय?"

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मी घसा साफ केला.

"बघते," मी म्हटलं.

"एफ्राइमकाकाही असंच म्हणायचे," असं म्हणून तिने फोन ठेवला.