कपाचा कान

दत्तूभाऊंना कुणाकडेही चहा दिला, की ते तो आधी बशीत ओततात, रिकामा कप उलटा करतात आणि त्याचं बूड पाहतात. मग चहा पितात. पुसदला त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो, तिथे बशीच दिली नव्हती. गप्पांच्या नादात दत्तूभाऊंनी सवयीने कप उलटा केला आणि चहा मुलीच्या मामाच्या पांढऱ्या पायजम्यावर. लग्न जमलं, पण मामा अजून त्यांच्यापासून चार फूट लांब बसतात.

"वरून काय पाहून राह्यला बे? वरून सारेच कप चांगले. बूड पाह्य," हे त्यांचं पालुपद.

दिग्रसला आमची आणि त्यांची भिंत एक. ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या टिनाच्या शेडमध्ये चाक बसवलं, गॅसची भट्टी बांधली आणि दारावर पाटी लावली : 'स्टुडिओ. माठ मिळत नाहीत.' तरी उन्हाळ्यात लोक माठ मागायला येतातच. एका एप्रिलमध्ये मी मोजले, एकतीस जण आले.

"माह्या मातीचा माठ पाझरत नाही, पाणी थंड करत नाही," दत्तूभाऊ प्रत्येकाला समजावतात. "कप घेऊन जा."

माणूस कप घेत नाही. बूड पाहून परत ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी दत्तूभाऊंच्या बायकोला, शांतावहिनींना पॅरालिसिसचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं सुजली आणि वळेनात. दत्तूभाऊ त्यांना चमच्याने चहा पाजत. एक दिवस वहिनी म्हणाल्या, "लेकरावानी पाजून राह्यले मले. आपल्या हातानं पेला असता तं चहासारखा लागला असता."

दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊ चाकावर बसले. वहिनींना स्वतःच्या हाताने चहा पिता येईल असा कप करायचा, एवढं एकच काम त्यांनी धरलं. कपाचा कान इतका मोठा, की चारही बोटं आत जातील आणि मूठ वळली नाही तरी कप हातात अडकून राहील.

हिशोब माझ्याकडे आला. पाटबंधारे खात्यात मी मोजमापं लिहिण्यातच नोकरी केली. दत्तूभाऊंची माती वाळून-भाजून बारा टक्के आकसते. वहिनींच्या बोटांना कानात ऐंशी मिलिमीटर जागा हवी होती. मी ऐंशीवर बारा टक्के चढवले आणि ओल्या कानाचं माप वहीत लिहून दिलं : नव्वद.

भट्टी उघडली की वहिनी शेडमध्ये खुर्चीवर बसत, दत्तूभाऊ समोर स्टुलावर. ते त्यांचं एकेक बोट धरून कानातून हळूहळू सरकवत. या कामाला बराच वेळ लागे.

"करंगळी नाही जात," वहिनी शेवटी म्हणत.

"जाईन. पुढच्या भट्टीत जाईन."

असे सहा कप झाले, माझ्या वहीत नव्वदच्या सहा ओळी. एवढा मुरलेला माणूस एकाच भट्टीत दोन-तीन मापांचे कप का लावत नाही, हे मला सुचलं नाही. मी आपली वही पुन्हा तपासली, आणि चूक सापडली. बारा टक्के ओल्या मापातून कमी होतात. मी ते भाजलेल्या मापावर चढवले होते. बरोबर आकडा एक्क्याण्णव. माझ्या एका मिलिमीटरपायी सहा भट्ट्या.

चूक कबूल करायला दुपारी त्यांच्याकडे गेलो. दत्तूभाऊ शेडमध्ये माती तिंबत होते. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून स्टीलच्या गिलासातून चहा पीत होत्या. उजव्या हाताने. चारही बोटं गिलासाला नीट वळलेली.

"हे कधीपासून, वहिनी?"

"दिवाळीपासून."

"मग करंगळी?"

"आकडून धरते मी," त्या गिलास विसळत म्हणाल्या. "त्यायले सांगू नका, भाऊजी. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं माह्या हाताले कधी हात लावला नव्हता."

मी शेडमध्ये गेलो. निदान माझी चूक तरी सांगणं भाग होतं.

"दत्तूभाऊ, आकडा चुकला माझा. कान एक्क्याण्णवचा पाहिजे."

त्यांनी मान वर केली नाही. "मले पहिल्याच कपाले समजलं. तू मले मातीचा हिशोब शिकवतं का?"

"मग बोलले काहून नाही?"

त्यांनी हाताची माती फडक्याला पुसली. मग स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नव्वदच राहू दे. आन् तिच्याजवळ बोलू नको."

मी वही उघडली आणि सातव्या ओळीत नव्वद लिहिलं.