सर्व्हरला उजवा कौल

मंडळी, ऑफिसचा ईमेल सर्व्हर बदलणं म्हणजे काय मोठंसं? आमच्या डिचोलीच्या खाण-ऑफिसात मी छाती ठोकून सांगितलं होतं, "शनिवारी दहाला सुरू करतो, साडेदहाला नवा सर्व्हर चालू. तुम्हाला कळणारसुद्धा नाही!" कॉम्प्युटर विभागाचा मी प्रमुख. विभागात माणसं एकूण एक, म्हणजे मीच!

साल दोन हजार आठ. नव्या सर्व्हरबरोबर चाळीस पानांची यादी आली होती. आपल्याकडच्या कुठल्या जुन्या वस्तूंचं नव्याशी जमेल आणि कुठल्यांचं वाजेल, ते सगळं तिच्यात होतं. शुक्रवारी मी ती वाचायला घेतली, तोच आमचे हेडक्लार्क सगुणबाब कोरगावहून हातात प्रसादाची फुलं घेऊन आले.

"प्रमोद, देवाक विचारलंय. देवान उजवो कौल दिल्यान! आता भियाचा काय्येक नाय."

आमच्याकडे लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची, आधी देवाला विचारतात. मूर्तीला ओल्या कळ्या लावायच्या, उजवीकडची पडली की होकार. आता खुद्द देवच हो म्हणाल्यावर चाळीस पानं कोण वाचतो? खिडकी वाऱ्याने आपटत होती. मी यादीची घडी केली आणि तिथे अडकवली.

सगुणबाबांना सर्व्हरची काळजी वेगळ्याच कारणाने होती. त्यांचा मुलगा ओंकार सहा वर्षं बोटीवर नोकरीला. त्याचं पत्र दर शनिवारी ऑफिसच्या ईमेलवर यायचं. भाषा आपली, अक्षरं इंग्रजी. सगुणबाब ते छापून घरी न्यायचे आणि बायकोला, म्हणजे सिंधूकाकीला, वाचून दाखवायचे. काकी मराठी चौथी पास, पण इंग्रजी अक्षरं म्हणजे तिला मुंग्यांची रांग. आणि या शनिवारच्या पत्रात ओंकार चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी येतो की नाही ते कळणार होतं. तीन चवथी तो आलाच नव्हता; गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी सगुणबाबच शिडीवर चढून बांधत होते.

साडेदहाला सर्व्हर सुरू झाला. टाळ्या! अकराला मुरगाव बंदरातून आमच्या माणसाचा फोन.

"प्रमोदबाब, बोटीचां वेळापत्रक गावलां. पण एकच पत्र अठ्ठेचाळीस वेळा कित्याक?"

आमच्या पत्रं पाठवणाऱ्या जुन्या प्रोग्रामला नव्या सर्व्हरची पोच कळतच नव्हती. पोच नाही म्हणून बिचारा पुन्हा पुन्हा पाठवत होता! मी त्याला बंद केलं. मग लक्षात आलं की बाहेरून एकही पत्र येत नाहीये.

"इलां?" सगुणबाब दाराशी.

"येतलां, सगुणबाब!"

पाच मिनिटांनी पुन्हा, "इलां?" बारापर्यंत हेच. एकला ऑफिस सुटलं. सगळे गेले, सगुणबाब बसून राहिले.

"झिलाक येळ गावलो नसतलो. बोटीर काम खूप," ते म्हणाले आणि डब्याची बांधलेली पिशवी सोडून पुन्हा बांधू लागले. मुलगा विसरला, असं मनात धरून हा माणूस घरी जाणार, आणि दोष माझा!

मी खिडकीतली यादी ओढून काढली. खिडकी धाडकन आपटली. पान सतरा: व्हायरस पकडणारा जुना प्रोग्राम आधी काढून टाकावा. आमचा तर चालूच होता! बाहेरचं प्रत्येक पत्र रोगी ठरवून त्याने कोठडीत टाकलं होतं. देवाला आपण विचारलं, शनिवारी करू का? तो म्हणाला, कर. व्हायरसचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं!

कोठडीत दोनशे सहा पत्रं. एकशे नव्वदावं ओंकारचं. सगुणबाबांनी उभ्यानेच वाचलं आणि चष्मा काढला.

"येता रे! झील येता!"

मी ऐटीत छापायचं बटण दाबलं. काहीच नाही! पान एकवीस: नव्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रिंटरांची नावं. आमच्या प्रिंटरचं नाव कुठेच नाही.

"कागदाशिवाय घराक कसो जाव?" सगुणबाब म्हणाले. "ती कागद हातात घेतल्याबिगर ऱ्हवाची नाय."

शेवटी मी वहीचं पान फाडलं आणि पत्र हाताने उतरवून काढलं, सरळ मराठी अक्षरांत. माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चाललेली! माफी मागायची म्हणून मीही त्यांच्याबरोबर कोरगावला त्यांच्या घरी गेलो.

काकी दारातच होती. तिने कागद घेतला, सवयीने नवऱ्यापुढे धरला आणि थबकली.

"ह्यां तर आपलां अक्षर!"

ती पायरीवर बसली. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली, "आई... चवथीक... येतंय. माटोळी... मीच बांधतलंय. बाबांका... शिडयेर चढाक... दिव नको."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट न ठेवता वाचलं. सहा वर्षांत मुलाचं पत्र तिने स्वतः वाचलं ते हे पहिलंच.

"माका वाचूक येवचां म्हणान झिलान हातान लिहिल्यान!" ती डोळे पुसत म्हणाली.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. सगुणबाबांनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात!

काकीने कागद पुन्हा उजेडात धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण अक्षर किती बिघडलां रे ह्येचां! शाळेत सगळ्यांत बरां होतां. येव दे चवथीक. फुड्यात बसवन गिरवून घेतंय!"

सोमवारी प्रिंटर सुरू झाला. पण त्यानंतर दर शनिवारी सगुणबाब ओंकारचं पत्र माझ्या टेबलावर ठेवू लागले, आणि शेजारी एक कोरा कागद. मी मुकाट्याने लिहायचो. ओंकारलाही मी एक ईमेल पाठवला: "बाबा रे, चवथीला येण्याआधी अक्षर बिघडवून ये. नमुना सोबत जोडला आहे."