धाकट्या सुनेची सहल

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत या सहलीला दोनच माणसं जाणार होती, झूरा आणि तिचा नवरा ओरोझबेक. रविवारी सकाळी सहाला बिश्केकहून निघायचं, आठपर्यंत डोंगरातल्या अभयारण्याचं फाटक गाठायचं, पायवाटेने धबधब्यापर्यंत चढायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. शिदोरीला चार उकडलेली अंडी, एक नान आणि काकड्या. झूराने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, "चहा घ्यायचा नाही. पाणी प्यायचं."

कारण चहा आला की ओतणारी आली, आणि गेली तीस वर्षं ती ओतणारी म्हणजे झूरा. घरातली धाकटी सून. वय वर्षं त्रेपन्न, पण धाकटी ती धाकटीच. तिच्यामागून आलेल्या दोन पुतणसुना मॉस्कोला कामाला निघून गेल्या आणि किटली पुन्हा हिच्याच हातात आली. त्यात रीत अशी, की मान द्यायचा तर प्याला अर्धाच भरायचा. काठोकाठ भरला तर पाहुण्याने समजायचं, आता उठा. त्यामुळे दहा माणसं बसली की प्याले रहाटासारखे फिरत राहतात आणि सुनेच्या तोंडात घास जायची मारामार. झूराला धबधब्याचं काही फारसं कौतुक नव्हतं. तिला फक्त एक दिवस असा हवा होता, की कुणी तिच्यापुढे रिकामा प्याला धरणार नाही.

घोळ घातला तो ओरोझबेकने. प्रवासाआधी थोरांचा आशीर्वाद घ्यावा म्हणून त्याने बुरुलकान आत्यांना फोन लावला आणि बोलता बोलता म्हणून गेला, "तुम्हीही चला ना, आत्या."

झूराने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, असं कशाला म्हणालात?"

"अगं, रीत म्हणून म्हणालो! ब्याऐंशी वर्षांची बाई डोंगर चढायला येते होय?"

"मग काय म्हणाल्या?"

ओरोझबेक खिडकीबाहेर बघायला लागला. "किती वाजता निघायचं, म्हणाल्या."

आता आत्या येणार म्हटल्यावर अंडी-काकडी कशी चालणार? मटण हवं. आणि कुठलं हाड कुणाच्या ताटात, हे वयाच्या मानाने ठरलेलं; म्हणजे मेंढा अख्खाच हवा. तिघांत अख्खा मेंढा संपत नाही, म्हणून थोरल्या दिरांना सांगितलं. दिरांना सांगून नणंदेला वगळलं तर ती पुढची पाच वर्षं तोंड बघणार नाही, म्हणून नणंद. नणंदेकडे नेमके तिचे व्याही उतरलेले, ते सहकुटुंब. शनिवारी दुपारी मोजदाद झाली तेव्हा माणसं चौदा, मिनीबस एक, भली थोरली कढई एक, चहाचं पाणी उकळायचा सामोवार एक आणि मेंढा एक. तोही जिवंत, कारण कापण्याआधी त्याच्यापुढे आत्यांनी हात पसरून दुआ म्हणायची.

"दुआ घरीच म्हटली तर?" झूराने विचारून पाहिलं.

"आणि मटण उन्हातून न्यायचं? डोकं ठिकाणावर आहे ना?" ओरोझबेक म्हणाला. स्वतःचं तपासायची गरज त्याला वाटली नाही.

सहाला निघायची गाडी आठला निघाली. ज्या ज्या घरी माणसं घ्यायला थांबली, तिथे नानचा तुकडा मोडल्याशिवाय कुणी हलू देईना. असे चार तुकडे मोडून मंडळी फाटकाशी पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. रखवालदाराने बसमध्ये डोकं घातलं आणि घाईघाईने बाहेर काढलं.

"हे काय?"

"मेंढा," दीर म्हणाले.

"ते दिसलं मला. पाळीव जनावर आत नेता येत नाही."

"दादा, आत गेल्यावर तो फार वेळ जनावर राहणार नाही," दिरांनी समजूत घातली.

"जनावर नाही, जाळ नाही, कढई नाही, गाडी नाही! पायी चालणारी माणसं तेवढी आत."

पायी चालायला कुणीच आलं नव्हतं. बस मागे वळली आणि फाटकाबाहेर नदीकाठच्या हिरवळीवर सतरंज्या पडल्या. आत्यांनी दुआ म्हटली, पुरुष मेंढ्याच्या मागे लागले, सामोवार पेटला, आणि झूरा त्याच्यासमोर बसली. तिथून तिला फाटक दिसत होतं, आतली पायवाटही दिसत होती. तिला नुसतं रडू यायचं बाकी होतं.

"झूरा, इकडे एक!"

"वहिनी, आमच्या विहीणबाईंचा प्याला रिकामा आहे हो!"

ओरोझबेक सुरी धुवायला आला तेव्हा ती दातओठ खात म्हणाली, "तुमच्या घराण्याला डोंगर कशाला हवा होता? आपलं अंगण काय वाईट होतं?"

"हवा बघ ना किती छान आहे," तो म्हणाला आणि सटकला.

एवढ्यात आत्यांनी त्या रखवालदारालाही हाक मारली. दारात उभ्या माणसाला उपाशी ठेवून आपण जेवायचं, हे त्यांना पटेना. तो नको नको म्हणत येऊन बसला. पंधरावा प्याला. तिसऱ्या प्याल्याला त्याची जीभ सैल झाली.

"वरच्या धबधब्याचं पाणी गुडघ्यांना लावलं ना आजी, तर दुखणं पळतं बघा. पण दोननंतर आम्ही कुणाला वर सोडत नाही."

"आत्ता किती वाजले?" आत्यांनी विचारलं.

"पावणेदोन."

आत्यांनी नजर फिरवली. ओरोझबेक हाडं वेगळी करत होता, दीर जाळाशी, व्याही म्हणजे पाहुणे. "पाणी आणायला धाकटं माणूस जाईल. झूरा, ऊठ."

"अहो, मग चहा कोण ओतणार?" नणंदेने विचारलं.

"तू! तुझे हात काय मोडलेत?"

झूराने बाटली उचलली आणि मागे न बघता फाटक ओलांडलं. दीड तासाची चढण. गुडघे तिचेही कुरकुरत होते, पण पाठीमागून हाक येत नव्हती, या आनंदात ती मध्ये एकदाही टेकली नाही.

धबधब्याशी तीन अनोळखी बायका सपाट दगडावर खाण्यापिण्याचं दस्तरखान पसरून बसल्या होत्या. साठीच्या आतबाहेरच्या. मधोमध किटली.

"ये गं, बस, दमलीस," त्यातली किटलीवाली म्हणाली. "एकटीच? वय काय तुझं?"

झूराने पाहिलं. तिघींचे प्याले रिकामे होते, आणि बाईने किटलीचा कान विचारता विचारताच तिच्याकडे वळवून ठेवला होता. खरं उत्तर दिलं की पुढे काय होणार, हे सांगायला नको होतं.

"एकाहत्तर," झूरा म्हणाली.

"अगंबाई!" बाईने किटली झटकन मागे ओढली आणि उठून उभी राहिली. "या, या ताई, इथं वर बसा. माफ करा हं, मी आपली अगं-तुगं करत होते. पण दिसत नाही हो तुमचं वय! करता तरी काय?"

"काही नाही," झूरा मानाच्या जागेवर पाय पसरून बसत म्हणाली. "घरात सुना आहेत ना."

बाईने दोन्ही हातांनी चहा पुढे केला. झूराने तो एका घोटात संपवला आणि रिकामा प्याला तिच्यापुढे धरला.