चौदा गोटे आणि एक गुळणी

दगडाची पारख पनवेलमध्ये एकाच माणसाला आहे आणि तो माणूस म्हणजे आपण, याबद्दल चंद्रावतीबाईंच्या मनात कधी शंका आली नाही. शाळा चौथीपर्यंत. पण खड्यांच्या गौरी निवडायला चौथी तरी कशाला लागते? गाढी नदीच्या काठावर बसायचं, हात पाण्यात घालायचा, गोल, गुळगुळीत, चिरा नसलेले सात गोटे उचलायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी दरवर्षी हेच केलं. एकाही वर्षी गौरीला चीर नव्हती आणि एकाही वर्षी वाटेत तोंडातली गुळणी गिळली नव्हती.

गुळणीचं असं, की नदीपासून देव्हाऱ्यापर्यंत गौर मुक्याने आणायची. बोलण्याचा मोह नको म्हणून तोंडात पाणी धरायचं. बाकीच्या बायकांना ते जरा जड जातं. चंद्रावतीबाईंना किती जड जात असेल, ते त्यांच्या घरातली माणसंच जाणोत. वर्षातला तेवढाच अर्धा तास घरात शांतता असे, आणि सून नीता तो कॅलेंडरवर पाहून ठेवत असे.

आता यजमान. प्रभाकरराव वीज मंडळातून रिटायर झाले आणि लोक रामरक्षेकडे वळतात तसे ते दगडांकडे वळले. पनवेलच्या आसपास डोंगर फोडण्याच्या खाणी उदंड. काळा दगड फुटला की कुठे आत पोकळी निघते आणि पोकळीत स्फटिक. गुलाबी, हिरवे, दुधी. असे दगड जमवणारी माणसं जगात आहेत आणि त्यातली तीन पनवेल-खारघर भागात आहेत, हे चंद्रावतीबाईंना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तोवर दगड शोकेसमध्ये होते, टीव्हीखाली होते, तुळशीच्या कुंडीत होते. एकदा राजम्यात निघाला. राजमा शिजला, तो शिजला नाही.

"अहो, लोकांच्या नवऱ्यांना दारूचं व्यसन असतं," त्या म्हणाल्या, "ती निदान संपते तरी."

त्यातही गंमत अशी, की प्रभाकररावांना स्फटिकांचं एवढं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव न फोडलेल्या गोट्यांवर. नाल्यातून घरंगळत आलेले, बाहेरून काळे कुळकुळीत, आत काय असेल कोणालाच ठाऊक नाही.

"फोडला की संपलं," ते म्हणत. "न फोडलेल्यात काहीही असू शकतं."

"न फोडलेल्या नारळातही असतं. म्हणून कोणी शोकेसमध्ये ठेवत नाही."

या गणपतीत चंद्रावतीबाईंनी निकाल दिला. गौरीच्या हळदीकुंकवाला बायका येणार, शोकेसमध्ये चांदीची भांडी मांडायची म्हणजे मांडायचीच. गौर घरात यायच्या आत प्रभाकररावांनी आपला सगळ्यात आवडता दगड निवडायचा. तो राहील. बाकीचे गौरी विसर्जनाच्या दिवशी खाली जातील. सोसायटीचे चेअरमन भगवानराव बागेतल्या पायवाटेखाली घालायला दगड शोधतच होते. "घमेलं घेऊन या," असा शब्दही देऊन झाला होता.

"एकच?" प्रभाकररावांनी विचारलं.

"एक म्हणजे एक. मलाही नवरा एकच मिळाला. मी केली तक्रार?"

केली होती, बरेचदा. पण ते बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

गौर आणायच्या सकाळी प्रभाकररावांनी मदतीला दोघांना बोलावलं. अब्दुल म्हणजे कुवेतहून परत आलेला जुना मित्र, टपाल नाक्यापाशी त्याचं हार्डवेअरचं दुकान. आणि दीपेश, खारघरच्या टॉवरमध्ये राहणारा संगणकवाला, गळ्यात मंगळसूत्रासारखं भिंग. सोबतीला म्हणून दोघांनी आपापला आवडता दगडही आणला. दीपेशचा हिरवागार, काचेच्या डबीत. अब्दुलचा म्हणजे दगडात उगवलेला कापसाचा बोळा, इतका नाजूक की अब्दुल त्याच्यासमोर शिंकही गिळत असे.

"प्रभाकर, तू डोळे मीट आणि पहिला आठवेल तो सांग," अब्दुल म्हणाला.

प्रभाकररावांनी डोळे मिटले. "सगळेच आठवतायत रे."

शेवटी कसेबसे सात उरले. सातही न फोडलेले, सातही काळे, एका स्टीलच्या ताटलीत. त्यातला एक त्यांचा खरा लाडका, बुडाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका असलेला. पण बाकीच्या सहांच्या देखत त्याचं नाव घेणं त्यांच्या जिवावर आलं. "जरा आंघोळ करून येतो, मग सांगतो," म्हणून ते न्हाणीघरात शिरले. अब्दुल पाव आणि खारी आणायला खाली गेला. ताटलीपाशी उरला दीपेश.

इकडे चंद्रावतीबाईंनी नदीवर सात गोटे निवडले, हळदकुंकू वाहिलं, ताम्हनात ठेवले, वरून खण झाकला. गाढीचं पाणी तोंडात घेऊ द्यायला नीता तयार नव्हती, म्हणून गुळणी बाटलीतल्या फिल्टरच्या पाण्याची. देवीनं ते चालवून घेतलं. रिक्षावाल्यानं चौकात उगाच वळसा घातला, चंद्रावतीबाई गप्प. सोसायटीच्या गेटवर भगवानराव भेटले.

"काय वहिनी, दगड तयार आहेत ना? घमेलं धुऊन ठेवलंय." उत्तर नाही. "अच्छा, मौन आहे वाटतं? छान छान. तब्येतीला चांगलं असतं. रोज पाळत जा."

चंद्रावतीबाईंच्या गालात पाणी खदखदलं. पण त्या पुढे चालू लागल्या. भगवानरावांसाठी एक वाक्य त्यांनी मनात बाजूला काढून ठेवलं, सणासुदीची साडी ठेवावी तसं.

दारात आल्यावर रीत अशी, की गौर आणणारीने उंबऱ्याबाहेर थांबायचं. घरातून कोणी पाणी, दूध, हळदकुंकू आणायचं, पाय धुवायचे, मग गौर आत. नीता ते आणायला स्वयंपाकघरात गेली. चंद्रावतीबाई उंबऱ्याबाहेर ताम्हन धरून उभ्या. आणि दीपेशला आईवडिलांनी वळण चांगलं लावलेलं होतं. वयस्कर बाई ओझं घेऊन दारात उभी म्हटल्यावर तो धावला.

"आंटी, द्या इकडे."

चंद्रावतीबाईंनी ताम्हन छातीशी धरलं. मान हलवली. "ऊं."

"अहो लाजता काय, मी आहे ना." आणि ताम्हन गेलं.

त्यानं ते टेबलावर ठेवलं, खण उचलला आणि त्याचे डोळे चमकले.

"आंटी! तुम्ही पण जमवता? काका कधी बोलले नाहीत."

"ऊं! ऊंहूं!"

"दाखवतो ना भिंगातून, थांबा." त्यानं एकेक गौर डोळ्यांशी धरली. "हा साधा आहे. हा पण साधा. हा तर अगदीच... आंटी, वाईट वाटून घेऊ नका, पण हे काही खास नाहीत. रस्त्यावर पडलेले असतात ना, तसे."

वर्षानुवर्षं निवडलेल्या गौरींबद्दल चंद्रावतीबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला. उंबऱ्याच्या आत पाय टाकावा तर पाय धुतलेले नाहीत. तोंड उघडावं तर गुळणी. त्यांनी हातवारे केले. ताम्हन दाखवलं, देव्हारा दाखवला, स्वतःचे पाय दाखवले, मग दीपेशला त्याची जागा दाखवली.

"पाणी?" दीपेशनं विचारलं. "बरोबर! ओले केले की खरा रंग दिसतो. काकांचे पण करू, एकत्रच बघता येतील." त्यानं फुलं ठेवायला भरलेली बादली जवळ ओढली. ताम्हनातले सात त्यात गेले, ताटलीतले सात त्यात गेले. वर हात घालून त्यानं चांगले खळबळून काढले. "यांना कसला लालपिवळा रंग लागला होता, तो पण गेला बघा. एकदम क्लीन."

तेवढ्यात अब्दुल खारीचा पुडा घेऊन जिना चढून आला. त्यानं दारातल्या चंद्रावतीबाई पाहिल्या, रिकामं ताम्हन पाहिलं, बादली पाहिली. लहानपणापासून तो पनवेलच्या आळीत गौरीचं घावन-घाटलं खात वाढलेला. त्यानं पुडा खाली ठेवला, खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला.

"अरे दीपेश, ये क्या किया तूने? ही गौर आहे."

"कोण गौर?"

"देवी, अरे. वहिनींची देवी तू बादलीत टाकलीस. काकाच्या दगडांबरोबर."

दीपेशनं हातातला गोटा इतक्या सांभाळून ठेवला, जणू तो जिवंत आहे. नीता दूधपाणी घेऊन आली आणि तिथेच थबकली. टेबलावर चौदा गोटे. सगळे काळे, सगळे ओले, सगळे एका आईची लेकरं.

"आई," नीता हळूच म्हणाली, "आता कोणते आपले?"

गुळणीतला एक थेंब घशाकडे निघाला होता. चंद्रावतीबाईंना तो जाणवला. अब्रू आता त्या थेंबावर होती. पारख कोणाला? त्यांना. त्यांनी ताम्हन पुढे आणायची खूण केली आणि उंबऱ्याबाहेरूनच बोटानं दाखवत गेल्या. हा. हा. तो कडेचा. हा. भाजीवाल्याकडे वांगी निवडावीत तसे सात निवडले. अब्दुलनं ताम्हन कोणाला शिवू दिलं नाही, नीतालाच उचलायला लावलं. पाय धुतले. "गौर आली, सोन्यामोत्यांच्या पावलांनी आली," नीता म्हणाली, घरभर फिरवली, पाटावर बसवली. चंद्रावतीबाई मोरीकडे गेल्या आणि गुळणी टाकली. एक थेंब कमी नाही!

मग त्या दीपेशकडे वळल्या. पुढचा पाऊण तास त्या जे बोलल्या ते लिहायला कागद पुरणार नाही. रिक्षावाल्याचं राहिलेलं, भगवानरावांचं बाजूला ठेवलेलं, सगळं त्यातच आलं. दीपेश मान खाली घालून ऐकत होता आणि खारी खात होता. शेवटी त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याला यायला बजावलं.

या गडबडीत प्रभाकरराव पंचा गुंडाळून बाहेर आले. ताटलीत परत ठेवलेले सात गोटे त्यांनी उलटून पाहिले. पुन्हा पाहिले. मग पाटाकडे पाहिलं.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले, "माझा ठिपकेवाला ताटलीत नाही."

"म्हणजे?"

"पाटावर आहे. उजवीकडून तिसरा."

"मी चुकत नाही."

"नाही गं, तू कशी चुकशील. पण एक बदलता आला असता तर..."

"बसलेली गौर हलवतात होय? काय रांगेतली खुर्ची आहे?"

 त्या दिवसापासून प्रभाकरराव इतके देवभोळे झाले, की नीताही चकित झाली. सकाळी नमस्कार, संध्याकाळी नमस्कार, आणि उजवीकडून तिसऱ्या गौरीला जरा वाकून, चष्मा लावून, जास्तीचा. हळदीकुंकवाच्या बायकांना कौतुक वाटलं. चंद्रावतीबाईंना वाटलं नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. माणूस निरोप द्यायला आल्यासारखा बघतो आहे, हे त्यांना चौथी शिकूनही कळत होतं. पण चुकले म्हणायचं, तर मग इतक्या वर्षांच्या गौरींचं काय? त्यातल्या कितींचं खरं धरायचं?

विसर्जनाला त्या आणि नीता नदीवर गेल्या. प्रभाकरराव आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. सकाळपर्यंत दुखत नव्हता. घाटाच्या शेवटच्या पायरीवर चंद्रावतीबाई बसल्या. रिक्षाच्या धक्क्यांनी ताम्हनात गोटे इकडचे तिकडे झाले होते. उजवीकडून तिसरा आता कुठला, ते देवीलाच ठाऊक. आणि त्यांचा चष्मा घरी. त्यांनी एकेक गोटा हातात घेतला, बुडाशी अंगठा फिरवला, पाण्यात सोडला. एकावर अंगठा अडला. काहीतरी खरखरीत लागलं. तो त्यांनी मुठीत धरला आणि बाकीचे सगळे सोडले.

"आई, एक राहिला," नीता म्हणाली.

"परत जाताना नदीची वाळू घरी न्यायची असते. इथे सगळं काँक्रीट करून ठेवलंय. वाळू कुठून आणू? म्हणून हा."

घरी आल्यावर त्यांनी तो गोटा प्रभाकररावांपुढे टेबलावर ठेवला. टक्कन.

"घ्या. तुमचा एक."

प्रभाकररावांचा चेहरा असा उजळला, की गुडघाही बरा झाला. त्यांनी भिंग काढलं. गोटा फिरवला, बूड पाहिलं, पुन्हा फिरवला. फार वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले,

"हाच."

"मग! पारख लागते," चंद्रावतीबाई म्हणाल्या आणि ताठ मानेनं स्वयंपाकघरात गेल्या.

तिथे त्या पाण्याचा पेला भरत होत्या, तेवढ्यात बाहेरून फोनवरचा आवाज आला. कानाला कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपण फोनवर हळू बोलतोय असं वाटतं, ते फक्त त्यालाच.

"नाही रे अब्दुल, माझा नाही. माझा बुडाला नदीत. हा साधाच आहे, बुडाशी कुंकवाचा खडा चिकटून सुकलाय... नाही, तिला कशाला सांगू? तिनं शोधून आणलाय माझ्यासाठी. आता लाडका हाच... बाकीचे? बाकीचे खाली चाललेत. भगवानराव येतीलच."

चंद्रावतीबाईंच्या ओठावर उत्तर तयार होतं. साधा म्हणे! त्यांच्या हातचा गोटा! त्या दोन पावलं पुढेही सरकल्या. तेवढ्यात बेल वाजली. दारात भगवानराव, हातात स्वच्छ धुतलेलं घमेलं.

"काय वहिनी, आणलंय बघा. कुठले कुठले न्यायचे तेवढं सांगा."

प्रभाकररावांनी फोन बंद केला आणि शोकेसकडे न बघता खिडकीबाहेर पाहू लागले.

चंद्रावतीबाईंनी हातातला पेला तोंडाला लावला. एक मोठा घोट घेतला आणि गिळला नाही. गाल फुगवून त्या दारात उभ्या राहिल्या.

"सांगा ना वहिनी. न्यायचे ना दगड?"

आता गुळणी तोंडात असताना माणसानं बोलायचं तरी कसं?