म्हशीची वहिवाट

चनबसप्पाच्या बोळात विटांचा ढीग पडला आणि गुरुबसप्पाची म्हैस त्या ढिगापुढं येऊन उभी राहिली. वाट अडली तर माणूस ओरडतो, शिव्या देतो, नाहीतर मुकाट वळसा घालतो. म्हैस यातलं काही करत नाही. काशीनं विटांचा वास घेतला, वरच्या दोन विटा शिंगानं खाली पाडल्या आणि रवंथ सुरू केलं.

"अण्णा, हे काय वो?" मागून आलेल्या गुरुबसप्पानं विचारलं.

चनबसप्पा कट्ट्यावर बसून बशीत चहा ओतत होता. "भिंत घालतोय. जावयाला कापडाचे दोन माग टाकून द्यायचेत. बोळ झाकून घेतला की झाली जागा. सोमवारी गवंडी येतोय."

"आन माजी म्हैस?"

"तुला म्होरलं दार हाय की!"

पुढचं दार होतं, यात खोटं काही नव्हतं. मंगळवार पेठेत ही दोन घरं पाठीला पाठ लावून उभी. गुरुबसप्पाचं पुढचं दार पलीकडच्या गल्लीत. तीन पायऱ्या, वर अरुंद चौकट, आत माजघर आणि त्यातच चूल. गोठा मात्र मागच्या अंगणात, आणि अंगणात यायला चनबसप्पाचा बोळ. काशी गाभण होती, दिवस भरत आलेले. तिची आई गुरुबसप्पाच्या वडिलांनी वैरागच्या बाजारातून आणलेली. बहात्तरच्या दुष्काळात अर्ध्या पेठेनं जनावरं विकली, पण गुरुबसप्पानं कुठून कुठून उसाचं वाढं सायकलवर बांधून आणलं आणि काशीला जगवलं. आता दोन मागांपायी तिला बाजार दाखवायचा?

दुसऱ्या दिवशी तो आबासाहेब वकिलांपुढं जाऊन बसला.

"वहिवाट किती वर्षांची?" आबासाहेबांनी विचारलं.

"वडलांपास्नं. तीस तरी झाली."

"कायद्याला वीस पुरतात. उघडपणे जाता?"

"म्हैस काय पदराखाली झाकून नेऊ व्हय सायेब?"

"मध्ये कधी अडवलं? भांडण, तक्रार?"

"शिद्धेश्वराची आन, कदी न्हाई!"

वकील खुर्चीत पुढं सरकले. "मग झालंच की! दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षं राजरोस, विनातक्रार, हक्कानं गेलात की ती वाट तुमच्या घराला लागली. बोळ त्याचा, वाट तुमची. आता एवढंच सांगा, कधी परवानगी वगैरे नाही ना मागितली?"

गुरुबसप्पाला हे फार लागलं. "म्हंजे? आमी काय बिनवळणाचे हाय काय? बोळाच्या तोंडाशी हुबं ऱ्हाऊन रोज दोनी वक्ताला हाक मारतोय मी, 'येऊ का वो अण्णा?' त्यांनी 'ये की' म्हटल्याबिगर पाऊल उचलत न्हाई. कुनालाबी इचारा! सगळी पेठ साक्ष देईल!"

आबासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मेलात."

"का वो?"

"परवानगीनं गेलात म्हणजे त्याच्या मर्जीनं गेलात. मर्जी फिरली, वाट संपली."

"म्हंजे मी उर्मटावानी घुसलो असतो तर?"

"कायदा त्याला उर्मटपणा म्हणत नाही," वकील म्हणाले, "पण हो, तेच. आता निदान यापुढं तरी विचारू नका. मी शनिवारी येऊन जागा बघतो."

विचारू नका, हे सांगायला काय जातं! विटा कडेला सारून सोमवारपर्यंत म्हशीपुरती वाट ठेवलेली होती. संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी आल्याबरोबर गुरुबसप्पाच्या तोंडून आपोआप "येऊ" बाहेर पडलं. पुढचं त्यानं खोकून गिळलं. तेवढ्यानंही चनबसप्पा "ये की" म्हणून मोकळा झाला. कायद्याचा पुन्हा सत्यानाश. म्हणून सकाळी गुरुबसप्पानं पानाचा तोबरा भरला. गाल फुगवून, नाकासमोर बघत तो म्हशीमागून चालत गेला. कट्ट्यावर चनबसप्पा "ये की" जिभेवर घेऊन तयार होता. ते तिथंच राहिलं.

"काय रं, दात दुखतोय का?"

गुरुबसप्पानं मान हलवली. हो का नाही, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"अवो, लाज वाटती की न्हाई?" घरात चंद्रव्वानं नवऱ्याला धारेवर धरलं. "इतक्या वर्सांचा शेजार! मला त्या घरात हळदीकुंकवाला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई तुमी!"

"हे कायद्याचं हाय. तुला न्हाई कळायचं," गुरुबसप्पा म्हणाला. त्यालाही ते कळलेलं नव्हतं आणि रात्रभर तो कूस बदलत राहिला.

तिकडं चनबसप्पाचं डोकं फिरलं. भिंतीचं राहू दे बाजूला, हा माणूस आपल्या अंगणातून आपल्यादेखत मुक्यानं जातो म्हणजे काय? आपण मेलो की काय? शनिवारी दुपारी त्यानं बोळाच्या दाराला कुलूप घातलं.

संध्याकाळी काशीला घेऊन गुरुबसप्पा आला, कुलूप बघून माघारी फिरला आणि देवाचं नाव घेऊन पुढच्या दाराशी गेला. काशी पहिली पायरी चढली, दुसरी चढली. शिंगं आत गेली, मान गेली, पुढचे पाय गेले. पोट काही गेलं नाही.

माजघरात भाकरी थापणाऱ्या चंद्रव्वानं वर बघितलं, तर समोर म्हशीचं तोंड. "अगं आई गं! हिला घरात कुनी घेतली?"

"ढकल तिला भाईर!" बाहेरून आवाज आला.

"तुमीच वढा की! माझी भाकरी खाल्ली हिनं!"

गल्ली जमा झाली. कुणी म्हणे तेल लावा, कुणी म्हणे चौकट फोडा. घाबरलेल्या काशीनं जमलेल्यांच्या अंगावर शेणाचा सडा घातला, तशी सल्ला देणारे दोन पावलं मागं सरले. चौकट करकरली. काशी एकदा हंबरली. पोटातल्या रेडकाला काही झालं म्हणजे? पानबिन, कायदाबियदा सगळं थुंकून गुरुबसप्पा जिवाच्या आकांतानं ओरडला, "अण्णा वो! धावा!"

चनबसप्पा धावला. बोळाचं कुलूप काढून, विटांवरून उड्या टाकत, मागच्या अंगणातून तो माजघरात शिरला आणि त्यानं काशीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. कपाळ खाजवत, कानडीतून "बा, बा", म्हणजे "ये, ये", करत त्यानं तिला शांत केलं. ती जरा निवली तशी तिच्या पाठीवरून त्यानं पलीकडच्या गुरुबसप्पाला झाडायला सुरुवात केली.

"तीस वर्सं इचारत आलास, आन आता तोंडात पान कोंबून जातोस?"

"वकिलानं सांगितलं म्हनून!"

"वकील गेला खड्ड्यात!"

"नमस्कार," गर्दीतून सायकल पुढं काढत आबासाहेब म्हणाले.

चनबसप्पा आता थांबणाऱ्यातला नव्हता. "मानूस म्हनून तू तरी इचारत हुतास. पन ही तुजी म्हैस! हिनं कदी इचारलं? तू बोळाच्या तोंडाशी 'येऊ का' म्हनस्तवर ही माज्या अंगणातनं गोठ्यात पोचल्याली असायची! हिची आई बी तसलीच!"

आबासाहेबांनी सायकल भिंतीला टेकवली. "काय म्हणालात? सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा."

एवढे श्रोते मिळालेले. चनबसप्पानं दुप्पट आवाजात सांगितलं.

"राजरोस जायची?"

"भर उजेडात!"

"तुमच्या परवानगीशिवाय?"

"मला इचारती व्हय ती!"

"कधी अडवलीत?"

"जात्या म्हशीला अडवतंय का कुनी?"

"संपलं!" आबासाहेबांनी हात झटकले. "गुरुबसप्पा, तुम्हाला हक्क नाही. तुम्ही मर्जीनं जात होता. पण म्हैस वीस वर्षांवर बिनपरवानगी गेली, आणि खुद्द मालक साक्षीला आहेत. वाट पडली. आता भिंत नाही घालता यायची."

कोर्टात हे किती टिकलं असतं, ते आबासाहेबांनाच ठाऊक. गल्लीला मात्र पुरेपूर पटलं. हसण्याचा असा गलका उठला की काशीनं दचकून मोठा सुस्कारा सोडला, पोट आत घेतलं आणि एकेक पायरी मागं येत आपली आपणच सुटली. गुरुबसप्पा तिच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. चनबसप्पा आधी ओशाळला, मग तोही हसू लागला.

सोमवारी गवंडी आला. "भिंत कुटं धरू?"

चनबसप्पानं काशीला बोळात जुन्या भिंतीला लावून उभी केली. "हिच्या पोटाला धरून रेघ मार. उरल्या जागेत माग आडवे घालू."

"गाभण हाय वो अण्णा, दोन बोटं जास्त सोडा," गुरुबसप्पा म्हणाला.

"वीतभर सोड रं," चनबसप्पानं गवंड्याला सांगितलं. "उद्या रेडकू संगट आलं म्हंजे?"

संध्याकाळी काशी नव्या रेघेच्या आतून झोकात गोठ्याकडं गेली. गुरुबसप्पा बोळाच्या तोंडाशी थांबला. तोंडात पान नव्हतं.

"येऊ का वो अण्णा?"

"आता कशाला इचारतोस? वाट मिळाली की हक्काची!"

"ती म्हशीला मिळाली. मला कुटं हाय हक्क?"

चनबसप्पाला हे पटलं. त्यानं बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि इतके दिवस जिभेवर अडकून बसलेलं उत्तर एकदाचं मोकळं केलं.

"ये की!"