रंगाआबांच्या गाडीचा ताप

आमच्या गावापासून वडवणी अठरा किलोमीटर. रंगाआबांच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलात तर अडीच तास. मीटरवरचा तापमानाचा आकडा नव्वदला टेकला की आबा ब्रेक मारतात, दिसेल त्या लिंबाखाली गाडी लावतात आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं तोंड करून म्हणतात, "उतर. ताप आलाय तिला."

अशी माझी चार वेळा उतरणी व्हायची.

मी आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. आबा तिथं तीस वर्षं दूध तपासायला. दूध थंड ठेवायची टाकी आली तेव्हापासून तिचा आकडाही आबांच्याच ताब्यात. चार डिगरी म्हणजे चार. पाच झाली की आबांचा जीव वरखाली. आणि फॅट लागेल ती लिहिणार, मग म्हैस चेअरमनच्या सासऱ्याची का असेना. "आकडा खरा पायजे," हे त्यांचं पालुपद. एकदा एकानं चिडून अख्खी कॅन त्यांच्या अंगावर ओतली. आबांनी तोंड पुसलं आणि आधी लावलेला आकडाच परत वाचून दाखवला.

गाडी त्यांच्या पोराची, सुनीलची. पोराला सोसायटीतच चिकटवायचं आबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पोरगं म्हणालं, "जलमभर लोकाच्या दुधात नळी बुडवत बसू का?" बाप एक बोलला, पोरगं दोन बोललं, आणि सकाळच्या एसटीनं ते पुण्याकडं कारखान्यात निघून गेलं. त्याला आता दोन वर्षं झाली. आई आधीच गेलेली, त्यामुळे मधे पडायलाही कुणी नाही. दारात राहिली ती फक्त गाडी.

"गाडी हाय तवर त्यो येईल, भाऊ," आबा मला म्हणायचे. "तिला काय झालं की संपलं बघ."

आता माझी विकून टाकलेली जुनी गाडी वाऱ्यावर थंड व्हायची. तिला ना आकडा, ना नखरे. सुनीलच्या गाडीत मात्र कूलंट नावाचं हिरवं पाणी फिरतं आणि ते किती तापलं ते मीटरवर दिसतं. तीस वर्षं चार डिगरी बघितलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी नव्वद दिसलं! आबांनी घाबरून सुनीलला फोन लावला. गेल्यापासून बापाचा फोन न उचलणाऱ्या पोरानं त्या दिवशी तो तिसऱ्या खेपेला उचलला.

"नव्वद दावतंय रं!"

"सावलीला थांबा. साठवर आलं की निघा," एवढं बोलून त्यानं ठेवला.

तेव्हापासून हा नेमच झाला. नव्वद, लिंब, फोन. एकदा तर गाडी बंद करून आबांनी नुसती चावी फिरवली, तर आकडा शहाण्णव! "बंद गाडी तापतीया कशी?" ते मला विचारायला लागले. मला काय कप्पाळ कळतंय? मी पंपावर विचारलं तर तिथला म्हणाला ऐंशीच्या पुढं जाऊ देऊ नका. ट्रॅक्टरवाला म्हणाला शंभरपर्यंत चिंता न्हाई. माझा मेव्हणा म्हणाला, गाडी विका. डोक्याचा नुसता भुगा झाला.

मग हा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, टँकर दोन दिवसांआड, टाकीत दूध तळाशी. चारा छावणीच्या कामासाठी वडवणीला अकराची बैठक होती आणि मी नेमका आबांच्या मागं बसलो. बघतो तर गाडीच्या पुढच्या जाळीला ओलं गोणपाट करकचून बांधलेलं. उन्हाळ्यात कॅनला बांधतो तसंच.

"आबा, माणसाला प्यायला पाणी न्हाई आन तुमी गोणपाट भिजवताय?"

"बस गुमान," आबा म्हणाले.

नव्वद झालं. लिंब आला, लिंब गेला. आबा थांबेचनात! शंभर झालं, एकशेपाच झालं. मी मागून ओरडतोय आणि आबा ढिम्म. एकशेबाराला लाल दिवा लागला तेव्हा कुठं त्यांनी गाडी बंद केली. फाट्यावर सलीम मिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथवर आम्ही ती ढकलत नेली. उन्हानं माझी टाळू फुटायची वेळ आली होती आणि बैठक तर गेलीच होती.

सलीमनं आधी गोणपाट ओढून काढलं. "आबा, ही काय दुधाची कॅन हाय का? जाळीला हवा लागली तर पाणी थंड होणार ना! नशीब, येळेवर बंद केली. आता घंटाभर पाण्याचं टोपण उघडू नका, वाफ तोंडावर येईल."

"पण ही एरवीबी नव्वदला जातीच की," मी म्हणालो.

"जाणारच. ऐंशी ते शंभर एकदम नॉर्मल. घाटात, गर्दीत एकशेपाच. शंभराच्या आसपास पंखा आपसूक सुरू होतो. नव्वदला गाडी खूश असती, सेक्रेटरीसाब."

माझं टाळकं सटकलं. दोन वर्षं! मी दोन वर्षं लिंबाखाली बसून काढली! "त्या सुनीलला काय कळतंय का? थांबा, त्याला आत्ताच सोलतो," म्हणून मी फोन काढला.

आबांनी माझा हात धरला. "नगं. त्याला बी म्हाईत हाय, मला बी. गाडीच्या पुस्तकात लिवलंय, मी पयल्याच म्हैन्यात वाचलं."

"मग कावून थांबत होता?"

"दुसरं काय इचारू त्याला? नव्वद म्हणलं की उचलायचा." आबा जमिनीकडं बघत होते. "तीन आठवडे झाले, उचलत न्हाई. नव्वदाला आता कोण भेतंय? आन एकशेधा झालं म्हणून खोटं कसं सांगू, भाऊ?"

आकडा खराखुरा चढावा म्हणून त्यांनी गोणपाट बांधून हवा अडवली होती. ज्या गाडीला दोन वर्षं जिवापाड जपलं, तीच जाळायला निघाला होता हा माणूस. मला शिवी द्यावी का पाया पडावं तेच कळेना.

आबांनी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग त्यांनी सलीमकडून मेसेज लिहून घेतला: एकशेबारा, लाल दिवा. मिनिटात फोन वाजला.

"आबा! कुठं हाय तुमी?" सुनीलचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता. "तीन आठवडं कंपनीत डबल ड्युटी चालू हाय, फोन आत नेऊ देत न्हाईत. आत्ता जेवायला बाहेर आलो तर मेसेज दिसला. तुमी कसे हाय?"

"एकशेबारा झालतं. आता शहाण्णव..."

"मरू द्या ती गाडी! तुमी कसे हाय, आबा?"

आबांनी मीटरकडं बघितलं, सलीमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा. माझीच मला लाज वाटली.

"करमत न्हाई रं," आबा म्हणाले. "घरला ये."