रंगवाल्या अप्पांचे काळे-पांढरे बाण

बसवंतअप्पा हेब्बाळ्यांच्या दुकानात जाऊन नुसता ‘तांबडा रंग द्या’ म्हणणं म्हणजे तालमीत जाऊन वस्तादाकडे सिगारेट मागण्यासारखं होतं. अप्पा चष्मा कपाळावर चढवत, गिऱ्हाइकाला नखशिखान्त न्याहाळत आणि विचारत, “तांबडा म्हंजे कुठला तांबडा?”

गिऱ्हाईक गडबडलं की अप्पांना चेव यायचा. “रश्श्याच्या तवंगाचा? का भट्टीतल्या विटेचा? का ठेचा खाल्लेल्या पावण्याच्या कानाचा?”

हिरवा मागणाऱ्याची तर याहून वाईट गत. “उसाचा का कारल्याचा?” आणि चुकून ‘उसाचा’ म्हणालात, तर “नव्या लागणीचा का तोडीनंतर फुटलेल्या खोडव्याचा?” कागलहून फाटकासाठी रंग न्यायला आलेला एक शेतकरी या उलटतपासणीला असा वैतागला, की फाटक गंजू दे म्हणून परत गेला. अप्पांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. “त्याला फाटक रंगवायचंच नव्हतं हो. नुसतं झाकायचं होतं.”

कोल्हापुरात रंगांची दुकानं पुष्कळ. पण भिंतीचा टवका आणून दाखवला की हुबेहूब तोच रंग घोटून देणारा माणूस एकच. अप्पा टवका उजेडात धरत, “अय्यो शिवने!” असं कानडीत पुटपुटत आणि डब्यात काडी फिरवायला लागत. त्या वेळी बोललेलं त्यांना चालत नसे. देवपूजेत मात्र ते खुशाल बोलत.

नव्वद सालानंतर आम्हा काही उत्साही लोकांना सायकलींचा नाद लागला. दर रविवारी पहाटे निघायचं आणि पन्हाळ्याच्या बाजूला आडवाटांनी डोंगर तुडवायचे. माझ्या सायकलला गिअर होते आणि मला पोट, त्यामुळे दोघांची बरोबरी व्हायची. हिवाळ्यात आमची एक मोठी फेरी निघे. तिच्यासाठी झाडांवर, दगडांवर वाटेचे बाण काढायचं काम अप्पांकडे होतं. कुंचला त्यांचा, रंग त्यांचा आणि बाण अर्थातच तांबडे. कुठले तांबडे, ते विचारू नका. मी एकदा विचारलं, तर पन्हाळा येईपर्यंत उत्तर चाललं होतं.

आमच्यात सगळ्यात जोरात सायकल मारायचा तो सलीम. गॅरेजात काम करणारा, बारीक चणीचा, हसरा पोरगा. फेरीत तो नेहमी सगळ्यांच्या पुढं. पण एका हिवाळ्यात, फेरी दोन महिन्यांवर असताना, नव्या वाटेच्या सरावात पुढं गेलेला सलीम शेवटच्या मुक्कामावर पोचलाच नाही. दुपारी भलत्याच गावातून दुधाच्या टेम्पोत सायकल टाकून आला. आमच्या टोळीचे म्होरके रावसाहेब ओरडले, “काय मर्दा, सासुरवाडी बघाय गेलतास व्हय?” सलीम हसला. पुढच्याच रविवारी तो पुन्हा चुकला. मग मात्र चिडवल्यावाचून कुणी त्याला सोडेना. तो यायचाच बंद झाला.

“बाण माझा हाय. माणूस चुकला तर मी चुकलो,” असं म्हणून अप्पा मला घेऊन थेट त्याच्या गॅरेजात गेले आणि तो जिथं चुकला त्याच फाट्यावर त्याला घेऊन आले. तिथं एका शेवाळलेल्या बुंध्यावर अप्पांचा बाण होता, हातभर लांब, झगझगीत.

“हा काय बाण! ह्यो दिसला न्हाई तुला?”

सलीम झाडाजवळ गेला. त्यानं बुंध्यावर हात ठेवला आणि बोटांनी चाचपत रंगाची कड शोधली. “हितं हाय व्हय, अप्पा?”

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“तांबडं न् हिरवं मला एकच वाटतंय,” सलीम म्हणाला. “अप्पा, कुणाला बोलू नका. निपाणीची सोयरीक जुळत आलीया. डोळ्यात खोट हाय म्हणून मोडतील.”

“आरं, मी कशाला बोलतोय?” अप्पा म्हणाले. आणि बोलण्यासाठीच जन्माला आलेल्या माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की माझी जीभ टाळ्याला चिकटली.

त्यानंतर अप्पांना या बाणांनी झपाटलं. सलीमला बरा दिसतो म्हणून त्यांनी आधी दगडांना शेंदरी रंग फासला. आता आपल्या मुलखात दगडाला शेंदरी रंग फासला की त्याचं काय होतं, हे शेंबड्या पोराला कळतं. रंगांच्या नादात अप्पांनाच तेवढं कळलं नाही. दुसऱ्या रविवारी पहिल्याच वळणावर नारळ फुटलेला. पुढच्या दगडावर झेंडूचा ढीग, त्याखाली बाण गडप. तिसऱ्याला एक आजी हळदकुंकू वाहत होत्या. “आजी, ह्यो बाण हाय,” अप्पा अजिजीनं म्हणाले. “व्हय की,” आजी म्हणाल्या, “देवाचाच बाण! चपला काढा आदी.” अप्पांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि मला हळूच म्हणाले, “रंग चुकला.”

मग त्यांना एक भन्नाट कल्पना सुचली. उजाडायच्या आधी, फटफटत असताना, कुणालाच रंग दिसत नाहीत. त्या वेळी जो बाण दिसेल, तोच खरा. कडाक्याच्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून अप्पा त्या डोंगरात जात, लांब उभे राहून बघत, नापास झालेला बाण खरवडून पुन्हा काढत. शेवटी ठरलं ते असं : काळा चौकोन, त्यात जाड पांढरा बाण. डावीकडं वळायचं तर चौकोनाऐवजी त्रिकोण, उजवीकडं तर गोल, चुकीच्या वाटेवर फुली. “रंगावर भरवसा न्हाई ठेवायचा,” ते म्हणाले. आयुष्यभर रंगावर जगलेला माणूस हे म्हणत होता!

फेरीच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे वाटेवरच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. सलीमलाही अप्पांनी ओढून आणलं होतं. रावसाहेब नव्या खुणा बघून भडकले होते. “अप्पा, चांगलं तांबडं बाण सोडून हे श्रद्धांजलीचं फलक कशापायी लावलंयसा? हितं कोण आंधळं हाय?”

सलीमनं मान खाली घातली आणि तो बशीतला चहा फुंकत बसला. चहा केव्हाच निवला होता.

“मी हाय की,” अप्पा म्हणाले. “तांबडं न् हिरवं मला कळत न्हाई.”

मग हॉटेलचे पत्रे उडतील असं हसू! “म्हणून ‘कुठला तांबडा’ म्हणून आमालाच इचारत हुतासा व्हय!” रावसाहेब मांडी बडवत म्हणाले. तेवढ्या एका वाक्यात अप्पांची जन्माची पुण्याई बुडाली. सगळ्या गावाला पटलं, की हा माणूस आंधळा होता आणि ते लपवण्यासाठीच उलटे प्रश्न विचारत होता.

सलीम उठायला लागला. अप्पांनी टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात दाबून त्याला बसवलं.

फेरीच्या दिवशी सलीम एकही वळण न चुकता सगळ्यांच्या आधी पोचला. निपाणीचं लग्नही थाटात झालं. इकडं अप्पांचं जुनं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ लागलं. एकदा दोन टवाळ पोरं मुद्दाम दुकानात आली. एकानं हिरव्या रंगाचा उघडा डबा अप्पांच्या नाकासमोर धरला. “अप्पा, ह्यो कंचा?”

तो लागणीच्या उसाचा हिरवा होता. मलासुद्धा कळला. अप्पांनी डब्यात डोकावून बघितलं. काडी उचलून एकदा रंगातून फिरवली.

“तांबडा,” अप्पा म्हणाले.

पोरं खिदळत गेली. मी मोठमोठे नट पाहिले आहेत, पण तसा एक शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मी नकळत उभा राहिलो होतो.

दोनेक वर्षांनी सलीम पेढे घेऊन दुकानात आला. मुलगी झाली होती. मीही तिथंच होतो. “अप्पा, बायकोला मी सगळं सांगितलं. ती नुसती हसली. म्हणाली, एवढंच व्हय? आता मी चौकात उभा ऱ्हाऊन सांगणार, तुमचं डोळं झक्कास हाईत म्हणून.”

“तुझं तू सांग की, खुशाल,” अप्पा म्हणाले. “माझं सांगू नगंस.”

“का पण?”

अप्पांनी पेढा मोडला, अर्धा त्याच्या हातावर ठेवला. “आरं, माणसं येत्यात माझ्याकडं. परवा एक रिक्षावाला आलता. सिग्नलचा वरचा दिवा लागला की थांबतो म्हणाला, बायकोलाबी म्हाईत न्हाई. एक मास्तर आलतं, पोरानं चित्रात घोडा हिरवा रंगवला म्हणून त्याला मारलं हुतं. मास्तरच रडलं माझ्यापाशी. मी चांगला हाय असं कळल्यावर ती कुणाकडं जातील?” ते थांबले. “आणि माझ्याकडं तरी कोण येणार?”

अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी धारवाडला. संध्याकाळी त्या दुकानात डब्यांखेरीज कुणी नसायचं, हे मला माहीत होतं. पण ते कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सलीमनं अर्धा पेढा तोंडात टाकला, बाकीचे पेढे अप्पांपुढं ठेवले आणि तो गेला. थोड्या वेळानं एक धिप्पाड माणूस पायरीशी येऊन उभा राहिला. त्यानं रंगांच्या डब्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तो पुन्हा रस्त्याकडं बघू लागला.

“या पावणं, आत या,” अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुमी जरा चहा सांगून येता काय?”

चहावाला शेजारीच होता. बसल्या जागेवरून हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेलं असतं. मी चपला घातल्या आणि पार पलीकडच्या चौकातल्या टपरीकडं सावकाश चालू लागलो.